टोकियोत एका दिवसासाठी किमोनो भाड्याने घेऊन शांत भागात फिरावे का? भारतीय बाईला ते शोभते का?

किमोनो भाड्याने घेऊन एखाद्या शांत वस्तीत दिवस घालवावा का, खर्च किती येतो आणि भारतीय बाईने तो नेसला तर विचित्र दिसते का, असे आपण विचारले आहे. शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण तीच शंका माझ्या नणंदेने मला बऱ्याच कडक शब्दांत ऐकवली होती.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात त्या पुण्याहून आमच्याकडे टोकियोतील निशी-कासाईला आल्या होत्या. मी असाकुसात किमोनो नेसवून घेतला आणि तिथल्या गर्दीत न रेंगाळता उएनोमार्गे निप्पोरी गाठून यानाका या जुन्या, शांत वस्तीत शिरले. परक्यांचे कपडे भाड्याने घेऊन मिरवणे म्हणजे बहुरूप्याचे सोंग, असे नणंदबाईंचे मत असल्यामुळे त्या माझ्यामागे दहा पावले अंतर राखून चालत होत्या. यानाका १९२३ च्या भूकंपातून आणि महायुद्धातील बॉम्बफेकीतून बऱ्याच अंशी वाचले, म्हणून तिथे अजूनही जुनी लाकडी घरे, अरुंद गल्ल्या आणि पावलापावलावर बौद्ध मंदिरे आहेत. शेवटचा शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी राज्यकर्ता, तोकुगावा योशिनोबू याची समाधी तिथल्याच दफनभूमीत आहे. त्याच दफनभूमीत, १९५७ साली जळालेल्या पाचमजली पॅगोडाच्या उरलेल्या जोत्यापाशी, माझी ओहाशोरी सुटली. किमोनो उंचीपेक्षा लांब असतो आणि कमरेशी ही घडी घालून तो बेताचा करतात. मी सवयीने लांब ढांगा टाकत होते, तेव्हा दोष माझाच.

फुलांची जुडी घेऊन निघालेल्या एक वृद्ध बाई मला पाहून थांबल्या. क्षमा मागून त्यांनी मला पाठमोरी वळवले, ओबी म्हणजे कमरेच्या रुंद पट्ट्याखाली बोटे घालून घडी सारखी केली, मानेमागचा गळा खाली ओढला आणि आवळत तर नाही ना, असे विचारले. माझ्या लग्नात नऊवारीचा कासोटा खोचताना आजीने अगदी याच सुरात विचारले होते. त्या बाईंना माझ्या नेसण्यातली चूक दिसली, पण मी नेसले हे त्यांना मुळीच खटकले नाही. नणंदबाईंनी हे सारे डोळ्यांनी पाहिले, तरी आजतागायत कबूल केलेले नाही. वास्तविक मुलाच्या लग्नात त्यांनी स्वतःसाठी दुकानातून तयार शिवलेली नऊवारी भाड्यानेच आणली होती. तिला मात्र परंपरा म्हणायचे.

तेव्हा आपण खुशाल नेसा. नेसवून देण्यासकट भाडे साधारण तीन-चार हजार येनपासून सुरू होते आणि केशरचना हवी असल्यास वाढते. लांब बाह्यांचा फुरिसोदे मागू नये. तो अविवाहित मुलींचा समारंभी पोशाख आहे आणि गल्लीबोळांत फिरायला निरुपयोगी आहे. डावी बाजू नेहमी उजवीवर येते, कारण उलट नेसवतात ते मृताला. दुकानातल्या बायका यात चुकत नाहीत, पण फोनचा पुढचा कॅमेरा काही वेळा आरशासारखी उलटी छबी जतन करतो. माझे तसे छायाचित्र पाहून कार्यालयातील एक सहकारी क्षणभर दचकली होती. किमोनोवर घालायच्या झोरी चपलेचा पट्टा अंगठ्याच्या बेचक्यात काचतो, मात्र कोल्हापुरी वापरलेल्या पायांना त्याचे फारसे काही वाटू नये.

यानाकातून नेझू देवळापर्यंत चालत जाता येते. १७०६ साली बांधलेले ते देऊळ पाहावेच, पण तिथल्या छोट्या तोरणकमानींची रांग इतकी ठेंगणी आहे की केस उंच बांधले असतील तर वाकूनच जावे लागते. पाऊस असेल तर बेत सरळ रद्द करावा. दफनभूमीत लोकांच्या घरच्या समाध्या असतात, त्यांच्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढू नयेत, हे खरे तर मी आधीच सांगायला हवे होते. शिवाय सर्वांनाच अशा आजी भेटतील असे नाही. बहुतेक लोक तुमच्याकडे पाहणारही नाहीत.

किमोनो परत करण्याची वेळ बहुधा संध्याकाळी पाच-साडेपाचची असते, म्हणून यानाकातून चारलाच निघावे. आम्हाला उशीर झाला, कारण नेझूच्या कमानींखाली नणंदबाईंना माझी ओबी स्वतःच्या खांद्यावर धरून कशी दिसते ते पाहायचे होते, आणि ती सोडता येत नाही हे त्यांना पटवण्यात वीस मिनिटे गेली.