जुनी जिप्सी घ्यायचीय? आधी गाडीखाली झोप

अरे, रंग आणि जाड टायर बघून भुलू नकोस. सतरंजी टाकून गाडीखाली आडवा हो आणि चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, हातोडीने ठोकत जा. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर पत्रा कुजलाय. कोकणातली गाडी असेल तर दुप्पट वेळ ठोक. जिप्सी किंगचं १.३ लिटरचं इंजिन कुठलाही जुना मेस्त्री उघडेल. सडलेली चासी मात्र खिसा रिकामा करते. फोर-व्हील लो, म्हणजे चारही चाकं ओढणारा हळू गिअर, टाकून मातीत चालव, कोरड्या डांबरावर नको. १५ वर्षं उलटली असतील तर फेरनोंदणी झालीय का बघ, आरसीवरचा चासी नंबरही ताडून घे. रोजच्याला दुसरं वाहन नसेल तर सध्या राहू दे. माझी पहिली जिप्सी सात महिने अंगणातच पडून होती, बॉनेटवर कोंबड्या बसायच्या.