डोस वाढवण्याआधी गोळी कशी घेता ते तपासा

थायरॉइडच्या गोळीबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. गोळीचे आकडे लेव्होथायरॉक्सिनचे, म्हणजे टी-४ या थायरॉइड संप्रेरकाचे, आणि मायक्रोग्रॅममध्ये आहेत. टीएसएच हा थायरॉइडला कामाला लावणारा मेंदूकडचा संदेश : संप्रेरक कमी पडलं की तो आकडा चढतो, जास्त झालं की उतरतो. फ्री टी-४ म्हणजे रक्तातलं मोकळं टी-४.

प्रश्न : माझं वय ४२, वजन ६४ किलो. आधी ७५ ची गोळी होती, वर्षभरापूर्वी १०० ची झाली. तरी टीएसएच ९.८ आलंय. फ्री टी-४ नॉर्मल आहे. गोळी सकाळी चहाबरोबर घेते, त्याच वेळी कॅल्शियम आणि लोहाचीही. आता १२५ ची सुरू करू का? – वाचक, सांगली

आत्ताच नको. थायरॉइड ग्रंथीचं काम जवळजवळ पूर्ण थांबलेल्या प्रौढ माणसाला रोज किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात. तुमच्या वजनाला हा हिशेब १०२ होतो, म्हणजे १०० ची गोळी पुरेशी असायला हवी. ती पुरत नाही, कारण ती बहुधा आतड्यातून रक्तात पुरती जातच नाही. कॅल्शियम आणि लोह या औषधाला पोटातच धरून ठेवतात, आणि चहा-दुधानेही शोषण कमी होतं. याच सवयीवर १२५ ची सुरू केलीत आणि पुढे कधी कॅल्शियम बंद झालं, तर तोच डोस अंगावर येईल. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, आणि दीर्घकाळ चाललं तर हाडं ठिसूळ होणं, हे सगळं जास्तीच्या डोसाने होतं.

उद्यापासून उठल्याबरोबर गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि चहा तासाभराने. अर्धा तास ही अगदी कमीत कमी मर्यादा. कॅल्शियम आणि लोह यांच्यात आणि या गोळीत ४ तासांचं अंतर हवं. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर आणि लोह रात्री घेतलंत की हे सहज जमतं. सकाळी डबे, शाळा यांच्या धावपळीत तासभर थांबणं शक्य नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर ३ तासांनी, झोपताना घ्या. मग लोह संध्याकाळी लवकर. दोन्ही पद्धती चांगल्या, पण एकच धरा.

आम्लपित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. पोटातलं आम्ल कमी झालं की थायरॉइडची गोळी नीट विरघळत नाही. सोयाबीननेही शोषण कमी होतं, म्हणून कणकेत ते घालत असाल तर प्रमाण एकसारखं ठेवा.

आणखी एक गोष्ट स्वतःला विचारा : गोळ्या चुकतात का? फ्री टी-४ नॉर्मल आणि टीएसएच चढलेलं, हे चित्र अधूनमधून गोळ्या चुकणाऱ्यांमध्ये, आणि तपासणी जवळ आली की चार दिवस नेमाने घेणाऱ्यांमध्ये हमखास दिसतं. टी-४ चटकन वर येतं, टीएसएच उतरायला आठवडे लागतात. यात लाजण्यासारखं काही नाही, पण डॉक्टरांना खरं सांगा, नाहीतर ते डोस वाढवत राहतील. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेतल्या तरी चालतात, कारण या औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे ७ दिवस आहे. हृदयविकार असलेल्यांनी मात्र असं विचारल्याशिवाय करू नये.

नवी पद्धत ६ ते ८ आठवडे पाळा, मग टीएसएच करा. त्याआधीची तपासणी दिशाभूल करते. रक्त त्या दिवशीची गोळी घेण्याआधी द्या, कारण गोळीनंतर काही तास फ्री टी-४ वर गेलेलं असतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीच्या निदान २ दिवस आधी थांबवा. काही लॅबच्या यंत्रांमध्ये त्याने टीएसएच खोटं कमी दिसतं. हे सगळं करूनही आकडा वरच राहिला तर सिलिअॅक (गव्हातलं ग्लूटेन न सोसणारा आतड्याचा आजार) आणि जठराच्या आजारांच्या तपासण्यांबद्दल बोला. डोस वाढवायचा विचार त्यानंतर.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे, हृदयात स्टेंट आहे. टीएसएच १४ असताना डॉक्टरांनी फक्त २५ ची गोळी दिली. एवढ्याने काय होणार? – वाचक, नाशिक

डॉक्टरांनी योग्य केलं आहे. थायरॉइड संप्रेरक वाढलं की हृदय जोरात आणि जलद चालतं, त्याला जास्त प्राणवायू लागतो. अरुंद धमन्यांना तो एकदम पुरवता येत नाही. म्हणून १२.५ किंवा २५ ने सुरुवात, आणि दर ६-८ आठवड्यांनी तपासून तेवढीच वाढ. सत्तरीपुढे टीएसएच ४ ते ६ च्या आसपास राहिलं तरी चालतं. तरुणांसारखा २ चा आग्रह धरू नका. छातीत दुखलं, दम लागला, ठोके अनियमित झाले तर लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : ७५ ची गोळी चालू आहे आणि कालच गरोदर असल्याचं कळलं. डॉक्टरांची वेळ दहा दिवसांनी आहे. – वाचक, पुणे

दहा दिवस थांबू नका. आजच फोन करा आणि आजच टीएसएच द्या. सुरुवातीचे महिने बाळ पूर्णपणे आईच्या टी-४ वर असतं आणि गरज पहिल्याच काही आठवड्यांत २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. त्यासाठी रूढ उपाय असा की आठवड्याला ७ ऐवजी ९ गोळ्या घ्यायच्या, म्हणजे ठरलेल्या दोन वारांना दुप्पट. फोनवर डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा. टीएसएच २.५ च्या खाली ठेवायचं असतं. पाचव्या महिन्यापर्यंत दर ४ आठवड्यांनी तपासणी, नंतर तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा. गरोदरपणात लोह-कॅल्शियम सुरू होतंच, ४ तासांचं अंतर तेव्हाही पाळा. बाळंतपणानंतर पुन्हा जुना डोस आणि ६ आठवड्यांनी तपासणी.

प्रश्न : टीएसएच २.१ असूनही थकवा जात नाही. इथे अनेक जण डुकराच्या ग्रंथीपासून बनवलेली 'नैसर्गिक' गोळी घेतात. बदलू का? – वाचक, न्यू जर्सी

आमचा सल्ला नको असाच आहे. त्या ६० मिलिग्रॅमच्या गोळीत टी-४ साधारण ३८ आणि टी-३ (थायरॉइडचं दुसरं, जलद काम करणारं संप्रेरक) साधारण ९ मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे ४ ला १. माणसाची ग्रंथी मात्र सुमारे १४ ला १ या प्रमाणात सोडते. टी-३ काही तासांत रक्तात उसळतं आणि ओसरतं, त्यामुळे दुपारपर्यंत धडधड आणि संध्याकाळी पुन्हा मरगळ. शरीर गोळीतल्या टी-४ पासून लागेल तसं टी-३ स्वतः बनवतं. आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि व्हिटॅमिन डी पाहा. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता फार आढळते. घोरत असाल तर झोपेचीही तपासणी करा. एवढं होऊनही थकवा राहिला तर एंडोक्रायनोलॉजिस्टच्या, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञाच्या, देखरेखीखाली टी-४ कमी करून थोडं टी-३ जोडून पाहता येतं, पण गरोदरपणाचा विचार असेल तर तेही नाही.

प्रश्न : दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली. चालेल? – वाचक, मडगाव

मायक्रोग्रॅम तेच असतील तर गोळी बंद ठेवण्यापेक्षा ती घ्या, आणि ६-८ आठवड्यांनी टीएसएच करा. थोड्या फरकानेही आकडा हलतो, म्हणून शक्यतो एकच ब्रँड ठेवा. बाटली ओट्यावर किंवा बाथरूममध्ये नको. गोळी उष्णता, दमट हवा आणि उजेड यांनी कमजोर होते. झाकण घट्ट लावा आणि बाटलीतला ओलावा शोषणारा छोटा डबा काढून टाकू नका.