वाक्याच्या शेवटी काय ठेवतेस ते बघ

पोरी,

हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावावरचा तुझा इंग्रजी लेख वाचला. माहिती एकदम पक्की आहे, होड्या कधी लागतात, बोली कशी चढते सगळं आलंय, पण वाचताना जोर कुठे द्यायचा तेच कळेना. ग्रामर ठीक आहे गं, घोळ शब्दांच्या जागेचा आहे.

आपल्याला मराठीत 'ने' न् 'ला' असल्यामुळे बिनधास्त फिरवाफिरव करता येते. 'भावाने सुरमई आणली' म्हण नाहीतर 'सुरमई भावाने आणली' म्हण, आणणारा भाऊच, फक्त दुसऱ्यात कोणी आणली त्यावर जोर जातो. इंग्रजीतही हजारेक वर्षांपूर्वी असे प्रत्यय होते, पुढे ते झिजत गेले आणि कर्ता कोण, कर्म कोण हे सांगायचं काम जागेवर येऊन पडलं. 'द डॉग बिट द मॅन' उलटं केलंस तर माणूसच कुत्र्याला चावतो! हलवायची मुभा कमी, म्हणूनच तिथे एखादा शब्द हलला की लगेच कानाला कळतं.

आता तुझं वाक्य बघ, 'द ऑक्शन बिगिन्स व्हेन द बोट्स कम इन, इन द इव्हनिंग युज्वली.' इंग्रजी वाक्यात सगळ्यात वजनदार जागा बहुतेक वेळा पूर्णविरामाच्या अगदी आधीची, आणि तिथे तू 'युज्वली' बसवलंस. आपल्याकडे शेवटी क्रियापद येतं न् जोर त्याच्या आधीच्या शब्दावर असतो, त्या सवयीने आपलं शेवटाकडे लक्षच जात नाही. असं करून बघ, 'इन द इव्हनिंग, व्हेन द बोट्स कम इन, द ऑक्शन बिगिन्स.' शब्द जवळपास तेच, पण आता लिलाव खरंच सुरू होतो.

चर्चिलचं 20 ऑगस्ट 1940 चं पार्लमेंटमधलं वाक्य मोठ्याने वाच, 'नेव्हर इन द फील्ड ऑफ ह्युमन कॉन्फ्लिक्ट वॉज सो मच ओड बाय सो मेनी टू सो फ्यू.' 'नेव्हर' पहिलं आलं म्हणून 'वॉज' कर्त्याच्या आधी गेलं, आणि ज्यांच्यासाठी सगळं बोललं जातंय ते, जर्मन विमानांशी लढणारे मोजके वैमानिक, 'सो फ्यू' म्हणून अगदी शेवटी आले, किती सुंदर बांधलंय बघ!

पण हे उलटं वाक्य लेखात एखादंच टाक, दर पॅरात टाकलंस तर भाषण वाटेल. आणि 'ओन्ली' ज्याच्यासाठी आहे त्याला चिकटूनच ठेव.

सुवर्णदुर्गाचा पॅरा आधी घे. प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली रेघ मार, जिथे 'देअर' नाहीतर 'ऑल्सो' निघेल ते वाक्य पुन्हा बांध आणि रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका