बेंटनव्हिलला येताय? मग आधी हे गाव समजून घ्या

नवऱ्याची बदली पुण्याहून आर्कन्सासमधल्या बेंटनव्हिलला होतेय, आणि तुमचे प्रश्न तीन : हे गाव की शहर, सगळं वॉलमार्टचंच आहे हे खरं का, आणि 'साउथ' म्हटल्यावर घाबरायचं का. घरभाड्याचे आकडे ऑफिसातलं कुणीही सांगेल. मी इथे बरीच वर्षं राहतेय, तर गावाबद्दलच लिहिते.

वॉलमार्ट या दुकानांच्या साखळीचं मुख्यालय इथे आहे, त्यामुळे पगाराच्या हिशेबाने बघितलं तर गाव वॉलमार्टचं आहे. पण ते किर्लोस्करवाडीसारखं कारखान्यासाठी माळावर वसवलेलं नाही. आर्कन्सासला राज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षी, 1836 साली, बेंटन काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) झाली आणि मग तिची कोर्टकचेरी इथे आली. दोन्हींना नाव मिळालं शेजारच्या मिसुरी राज्याचे सिनेटर थॉमस हार्ट बेंटन यांचं. दोनच वर्षांनी चेरोकी या मूळनिवासी लोकांना त्यांच्या भूमीवरून हुसकून पश्चिमेला नेलं, त्यांचे काही तांडे याच काउंटीतून गेले. पुढे गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांत झालेल्या यादवी युद्धात गावातली बरीच घरं जळाली. मार्च 1862 मध्ये जवळच पी रिजला दोन दिवस लढाई झाली आणि मिसुरी उत्तरेच्या हातात राहिलं. रणभूमी आता राष्ट्रीय उद्यान आहे. मुलं असतील तर एक रविवार तिथे छान जातो.

'साउथ' म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे कापसाची शेतं येत असतील, तर ती मिसिसिपी नदीच्या बाजूला, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. हा ओझार्कचा डोंगराळ भाग. इथे मोठे मळे नव्हते. गुलामगिरी होती, पण प्रमाण कमी. पुढे सफरचंदाच्या बागा आल्या, मग कोंबड्या. खरी मेख मात्र 1881 सालची. रेल्वेचा मुख्य मार्ग बेंटनव्हिलला वळसा घालून पूर्वेकडून गेला आणि रुळांच्या कडेला रॉजर्स उभं राहिलं. व्यापार तिकडे सरकला, कचेरी इथेच राहिली. त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं बेंटनव्हिल म्हणजे चौक, कोर्ट, वकील आणि तारखेला आलेले शेतकरी. मधल्या काळातली खळबळजनक बातमी म्हणजे 1893 मध्ये हेन्री स्टार नावाच्या दरोडेखोराने भरदिवसा लुटलेली बँक! जुनी माणसं ती गोष्ट अजून चवीने सांगतात.

आर्कन्सासमधल्याच न्यूपोर्टच्या दुकानाचा भाडेकरार वाढवून मिळाला नाही, म्हणून 1950 साली वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन इथे आले आणि चौकात एक छोटं दुकान चालवायला घेतलं. तेव्हा वस्ती तीन हजारांच्या आसपास होती. बायकोला लहान गाव हवं होतं आणि त्यांना लाव्ह्यांच्या शिकारीचा नाद, दोघांचंही जमलं. गंमत म्हणजे पहिलं वॉलमार्ट 1962 मध्ये उघडलं ते रॉजर्समध्ये! चौकातल्या दुकानाचं आता संग्रहालय झालंय, त्यांची जुनी पिकअप गाडीही तिथे आहे.

पुढे कंपनीला माल विकणाऱ्यांची ऑफिसं आली आणि त्यांच्यामागून आपण आलो. 2000 साली वस्ती वीस हजारांच्या आत होती, 2020 मध्ये चोपन्न हजारांवर गेली. 2011 मध्ये सॅम यांच्या कन्या अॅलिस वॉल्टन यांनी क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय उघडलं. झऱ्यावर बांधलेली ती इमारत मोशे साफ्दी यांची आहे, आणि नेहमीच्या दालनांना तिकीट नाही. पैसा आला, सायकलचे रस्ते आले, आणि चौकाभोवतीची जुनी बुटकी घरं पाडून तिथे महागडी घरं उठली. जुन्या रहिवाशांची याबद्दलची नाराजी मला पटते. ती तुमच्यावर नसते, पण ती आहे एवढं ठाऊक असू द्या.

आता घाबरण्याचं. चौकाच्या मधोमध 1908 पासून यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा होता, तो 2020 मध्ये हलवला. त्यावरून गावात दोन तट पडले होते, आणि अजूनही कुणाचं मत काय हे न विचारलेलं बरं. काउंटीत दारूची दुकानं आली तीही 2012 च्या मतदानानंतर. शेजारीण पहिल्याच भेटीत विचारेल, 'तुम्ही कुठल्या चर्चला जाता?' ती चौकशी आपुलकीची असते. सरळ सांगा, आम्ही हिंदू, आमचं देऊळ इथेच आहे. ती पुढच्या आठवड्यात केक घेऊन येते की नाही बघा.

आपली माणसं भरपूर आहेत. देऊळ, क्रिकेट, पोटलक सगळं जमतं. पण आपल्याच अपार्टमेंटातल्या पाच घरांत अडकून गाव कंटाळवाणं आहे म्हणणारे मी खूप पाहिलेत. शनिवारी चौकातल्या बाजाराला जा. वाचनालयाचं कार्ड काढा. गाडीशिवाय मात्र पर्याय नाही, आणि दोघांनाही चालवता यायला हवी. वसंतात वादळाचा भोंगा वाजला तर घराच्या आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत जायचं, बाल्कनीत उभं राहून व्हिडिओ काढायचा नाही. मे 2024 मध्ये रॉजर्सची दैना झाली होती.

आणि कचेरीशी तुमचाही संबंध येणार आहे. आर्कन्सासमध्ये गाडीवर दरवर्षी मालमत्ता कर लागतो आणि तो काउंटीला भरायचा असतो. करासाठी गाडीची नोंद 31 मेपर्यंत, पैसे 15 ऑक्टोबरपर्यंत. ते राहिलं तर नंबरप्लेटचं नूतनीकरण अडतं. ऑनलाइन होतं सगळं, पण पहिल्या वर्षी खिडकीवर जाऊनच करा.