नाकातले ‘मांस’ पुन्हा का वाढते?

प्रश्न : माझे वय ४७. नाकात दोन्ही बाजूंना मांस वाढल्याने सहा वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया करून घेतली. दोन वर्षे बरी गेली. आता नाक पुन्हा चोंदलेले असते आणि वास मुळीच येत नाही. परवा स्वयंपाकघरात दूध करपून पातेले काळे झाले, तरी शेजारी बसून मला पत्ता लागला नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आठ-दहा दिवस वास येऊ लागला, मग पुन्हा जैसे थे. मला दमाही आहे. डॉक्टर आता दुर्बिणीने शस्त्रक्रिया करा म्हणतात. एकदा करून गुण आला नाही, तर पुन्हा का करावी?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती गोळ्यांविषयीची आहे. सूज ओसरताच वास परतला, म्हणजे वासाच्या नसा बहुधा शाबूत आहेत, फक्त वाट अडली आहे. मात्र रक्तातील साखर, रक्तदाब आणि हाडे यांवर होणाऱ्या परिणामांमुळे या गोळ्या महिनोन् महिने घेता येत नाहीत.

‘मांस वाढले’ हा शब्दप्रयोगच थोडा फसवा आहे. दुर्बिणीतून पाहिले, तर हा ‘मांसा’चा गोळा, म्हणजे पॉलिप, सोललेल्या द्राक्षासारखा फिकट, ओलसर दिसतो आणि त्याला स्पर्श केला तरी सहसा दुखत नाही. कारण तो सायनसच्या, म्हणजे नाकाभोवतालच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्यांच्या, अस्तराचाच सुजून लोंबलेला भाग असतो. दिसतो तेवढा घड खुडून काढला आणि दोन डोळ्यांमधल्या बारीक कप्प्यांतले सुजलेले अस्तर तसेच राहिले, तर नाक काही काळ मोकळे होते, इतकेच. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील नाक-कान-घसा तज्ज्ञ मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिले की, सायनसमधला स्राव सूक्ष्म केसांच्या हालचालीने नेहमी नैसर्गिक छिद्राकडेच सरकतो, दुसरीकडे भोक पाडले तरीही. म्हणून आजची शस्त्रक्रिया ते कप्पे आणि नैसर्गिक छिद्रे मोकळी करते. पहिल्या वेळी नेमके काय केले होते, हे जुन्या डिस्चार्ज कार्डावरून आणि नव्या सीटी स्कॅनवरून डॉक्टरांना विचारून घ्यावे.

डोळा आणि सायनस यांच्यामधले हाड कागदासारखे पातळ असते, वर मेंदूचे आवरण असते आणि दुसऱ्या खेपेला ओळखीच्या खुणा पुसलेल्या असतात. डोळ्याला इजा किंवा मेंदूभोवतालच्या द्रवाची गळती क्वचितच होते. पण त्याविषयी शस्त्रक्रियेआधी आपल्याशी बोलणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे.

अस्तर सुजण्याची प्रवृत्ती मात्र शस्त्रक्रियेने जात नाही. वाट मोकळी झाल्यावर स्टेरॉइडचा फवारा आणि मिठाच्या पाण्याची धुलाई आतपर्यंत पोचू लागते, हा तिचा खरा लाभ. त्यामुळे नाक मोकळे वाटले म्हणून फवारा बंद करणारे रुग्ण पुन्हा दारात उभे राहतात. जलनेती येत असेल, तर धुलाई सोपी जाईल; पाणी उकळून कोमट केलेलेच वापरावे, नळाचे थेट नव्हे. वारंवार उलटणाऱ्या आजारासाठी डुपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाले. ते बरेच महाग आहे आणि चालू ठेवावे लागते.

एक गोष्ट आपण लिहिलेली नाही : ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतल्यावर कधी धाप लागली होती का? दमा, पॉलिप आणि या गोळ्यांचे वावडे असे त्रिकूट काही रुग्णांत आढळते आणि त्यांच्यात पॉलिप लवकर परततात. तसे घडले असेल, तर शस्त्रक्रियेच्या तारखेआधीच भूलतज्ज्ञांना सांगावे आणि दमाही आधी आटोक्यात आणून घ्यावा.