यूजर स्टोरी: कारण आधी, मागणी नंतर

प्रश्न (देवगड): आंबाविक्रीच्या अ‍ॅपसाठी मी ‘वापरकर्ता म्हणून मला पेटीची नोंद करता यावी’ अशा स्टोरी, म्हणजे अ‍ॅपमध्ये काय हवे ते वापरणाऱ्याच्या बाजूने सांगणारी छोटी वाक्ये, लिहिते. साचा बरोबर असूनही डेव्हलपर रोज नव्या शंका काढतात. चूक कुठे होते आहे?

उत्तर: ‘वापरकर्ता’ म्हणजे आंबा उतरवणारा गडी, पेटी भरणारी बाई, बागायतदार की वाशीचा अडत्या, हे आपल्या वाक्यावरून कळत नाही, आणि नोंद कशासाठी हवी, हे तर आपण लिहिलेलेच नाही. ‘अमुक म्हणून मला तमुक हवे, जेणेकरून...’ हा साचा २००१ च्या सुमारास लंडनच्या कनेक्स्ट्रा या कंपनीत घडला. त्यात कारण शेवटी येते आणि घाईत तेच गळून पडते. मराठी वाक्यात कारण सहज आधी बसते, म्हणून मी तरी असे लिहितो: ‘ट्रक सुटण्यापूर्वी अडत्याला मालाचा अंदाज यावा, यासाठी बागायतदाराला चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेट्यांचे आकडे भरता यावेत.’ हे वाचताच डेव्हलपर विचारील, की मग आकडे थेट अडत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेले तर वेगळा स्क्रीन हवाच कशाला? अशा शंकांचे स्वागत करावे. सॉफ्टवेअर-तज्ज्ञ रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये स्टोरीची कार्ड (ती लिहिलेला कागद), संवाद आणि खातरजमा अशी तीन अंगे सांगितली, त्यांतील संवाद तो हाच. तीच शंका दुसऱ्यांदा आली, तर मात्र पहिल्या वेळचे उत्तर कोणी टिपून ठेवले नाही, असे समजावे.

प्रश्न (रत्नागिरी): मिरकरवाड्याच्या नौकांसाठी आम्ही मासळीनोंदीचे अ‍ॅप करतो. स्वीकृतीचे निकष, म्हणजे स्टोरी पुरी झाली हे ठरवण्याच्या अटी, किती बारीक असावेत?

उत्तर: टेस्टरला ‘झाले’ किंवा ‘झाले नाही’ एवढेच उत्तर देता यावे, इतके. ‘रेंज नसतानाही अ‍ॅप नीट चालावे’ ही नुसती इच्छा झाली. निकष असे असतात: तांडेलाने (नौकेच्या प्रमुखाने) रेंजबाहेर केलेली नोंद फोनमध्ये राहावी, बंदराजवळ रेंज मिळताच ती आपोआप पुढे जावी, आणि मध्येच रेंज तुटून परत आली, तरी त्याच सुरमईचे वजन दोनदा चढू नये. हा शेवटचा निकष कार्यालयात सहसा सुचत नाही, धक्क्यावर तांडेलाशी बोलताना सुचतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा या भेटी उरकून घ्याव्यात. बटणाच्या रंगाला निकषांत जागा देऊ नये.

प्रश्न (मालवण): होमस्टे बुकिंगची स्टोरी दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्यात, मावत नाही. डेटाबेस, स्क्रीन, पेमेंट असे तुकडे पाडावेत का?

उत्तर: नाही. तसे केल्यास पहिल्या स्प्रिंटनंतर घरमालकिणीला दाखवण्याजोगे काहीच हाती नसेल. चांगली स्टोरी ओळखण्याच्या, सॉफ्टवेअर-तज्ज्ञ बिल वेक यांच्या २००३ मधील ‘इन्व्हेस्ट’ कसोटीनुसार स्टोरी लहान हवी, तशीच ती कोणाच्या तरी उपयोगाचीही हवी. लोक ‘लहान’ तेवढेच लक्षात ठेवतात. आधी पाहुण्याने तारीख निवडून खोली मागावी, मालकिणीने होकार किंवा नकार कळवावा आणि पैसे रोखीने घ्यावेत, एवढेच करावे. आगाऊ रक्कम आणि बुकिंग रद्द करणे नंतर येऊ द्यावे. दिवाळीच्या वाढीव दरांची स्टोरी मात्र गणपती होताच हाती घ्यावी, कारण सुट्टीतल्या खोल्यांची विचारणा दिवाळीची वाट पाहत नाही.