टाइप केलेलं फाइलमध्ये नेमकं कधी पोचतं?

या वेळचे प्रश्न एकाच गोष्टीभोवती आहेत: प्रोग्रॅम चालू असताना माणूस जे टाइप करतो, ते फाइलमध्ये कसं साठवायचं. उदाहरणं पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली घेतली आहेत.

प्रश्न: इनपुटने ओळ घेतो आणि राइटने फाइलमध्ये लिहितो. पण प्रोग्रॅम चालू असताना फाइल उघडून बघितली तर ती रिकामी! प्रोग्रॅम बंद केला की सगळं दिसतं. असं का?

राइट म्हटलं की मजकूर लगेच फाइलमध्ये जातो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो आधी मेमरीतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठतो. पायथनच्या बऱ्याच आवृत्त्यांत या बफरचा नेहमीचा आकार ८१९२ बाइट आहे. तो भरला किंवा फाइल बंद केली की मजकूर पुढे सरकतो. माणसाच्या हातून टाइप होणाऱ्या चार ओळींनी एवढा बफर भरत नाही.

एकदा करून बघा. 'मराठी' एवढाच शब्द टाइप करून एंटर दाबा. प्रोग्रॅमला तो शब्द आणि त्यापुढे नव्या ओळीचं चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत मांडायची एक पद्धत) लिहायला सांगा आणि पुढच्या इनपुटवर थांबू द्या. दुसऱ्या खिडकीत फाइलचा आकार शून्य दिसेल. आता राइटच्या खाली फाइलचं फ्लश, म्हणजे बफर लगेच रिकामा करणारं फंक्शन, बोलवा आणि हेच पुन्हा करा. लिनक्सवर १६ बाइट दिसतील: पाच चिन्हांचे (म, र, काना, ठ, वेलांटी) प्रत्येकी तीन आणि ओळ संपल्याचा एक. विंडोजवर ओळ दोन बाइटांनी संपते, म्हणून तिथे १७.

प्रश्न: म्हणजे फ्लश केलं की वीज गेली तरी चिंता नाही?

चिंता आहे. फ्लशमुळे मजकूर तुमच्या प्रोग्रॅमच्या हातून ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात जातो, एवढंच. त्यानंतर प्रोग्रॅम कोसळला तरी मजकूर वाचतो. पण यंत्रच बंद पडलं तर तो जाऊ शकतो, कारण सिस्टिमसुद्धा डिस्कवर सवडीने लिहिते. लिनक्समध्ये मूळ सेटिंगवर ही सवड तीसेक सेकंदांची असू शकते. डिस्कवर लिहून घ्यायचंच असेल तर आधी फ्लश आणि मग पायथनच्या ओएस मॉड्यूलमधलं एफसिंक हे फंक्शन बोलवा. क्रम उलटा केलात तर बफरमधलं मागेच राहील.

एफसिंकने वेग कमी होतो, हे खरं. पण तुमचा प्रोग्रॅम माणसाच्या टाइपिंगची वाट बघतोय. एक ओळ टाइप करायला त्याला काही सेकंद लागतात आणि एफसिंकला सहसा काही मिलिसेकंद. इथे काटकसर करू नका. अर्ज भरून घेणाऱ्या माझ्या एका प्रोग्रॅममध्ये मी हे गाळलं होतं आणि दोन तासांचं काम गेलं. ते काम करणाऱ्या बाईंना सगळं पुन्हा टाइप करावं लागलं. त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

प्रश्न: प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की कालच्या नोंदी गायब होतात.

तुम्ही फाइल 'डब्ल्यू' मोडमध्ये, म्हणजे नव्याने लिहिण्यासाठी, उघडताय. हा मोड फाइल उघडतानाच रिकामी करतो, तुम्ही एक अक्षर लिहिण्याआधीच. 'ए' मोड वापरा, म्हणजे प्रत्येक नवी नोंद शेवटी जोडली जाईल.

प्रश्न: मला जोडायचं नाही, जुना मजकूर बदलून पूर्ण फाइल पुन्हा सेव्ह करायची आहे. मधेच प्रोग्रॅम बंद पडला तर?

तर जुनं पुसलेलं आणि नवं अर्धवट, अशी फाइल उरेल. म्हणून मूळ फाइलला हात लावू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल करून त्यात सगळं लिहा, फ्लश करा, एफसिंक करा, बंद करा आणि मग ओएसमधल्या रिप्लेसने ती मूळ नावावर आणा. प्रोग्रॅम मधे कुठेही थांबला तरी त्या नावाखाली पूर्ण जुनी किंवा पूर्ण नवी फाइलच मिळते. 'त्याच फोल्डरमध्ये' हे मुद्दाम म्हटलं, कारण दुसऱ्या ड्राइव्हवरून फाइल अशी बदलता येत नाही.

मजकूर लिहायचे संपादक प्रोग्रॅमही बदल वेगळ्या फाइलमध्ये जपतात. त्यांतला व्हिम मूळ सेटिंगवर २०० अक्षरं टाइप झाली किंवा टाइप करणारा चार सेकंद थांबला की वेगळ्या स्वॅप फाइलमध्ये मजकूर उतरवतो. तुमच्या प्रोग्रॅममध्ये लांब मजकूर लिहिला जाणार असेल तर हीच पद्धत उचला.

प्रश्न: इंग्रजी सेव्ह होतं, मराठी टाइप केलं की विंडोजवर युनिकोडएन्कोडएरर येतो.

एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत, न सांगता ओपन केलं की विंडोजवर पायथन बहुतेक वेळा सिस्टिमचं जुनं कोडपेज (ठरावीक अक्षरांचा तक्ता) घेतो आणि त्यात देवनागरी नसते. ओपनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. वाचतानाही तेच लिहा, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) थेट एक्सेलमध्ये उघडायची असेल तर एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग असं लिहा.

प्रश्न: सगळ्या नोंदी एकाच ओळीत चिकटतात.

इनपुट एंटरचं चिन्ह काढून टाकतं आणि राइट ते स्वतःहून घालत नाही. मजकुरामागे नव्या ओळीचं चिन्ह तुम्हीच जोडा.